आडवाटेच्या मुक्कामात आंघोळ: विदर्भात तंबू-गाडी घेऊन निघणाऱ्या नवख्यांसाठी

कोणी ईकोच्या मागच्या सीट काढून फळीचा पलंग बसवतं, कोणी पिकअपवर ताडपत्री ताणतं, कोणी टेम्पो ट्रॅव्हलर वर्कशॉपमध्ये देऊन त्याचं घरच करून आणतं. झोपण्याची सोय होते, स्वयंपाकही जमतो. सगळं अडतं ते आंघोळीपाशी. मग लोक व्हिडिओ पाहतात आणि ते असतात थंड देशांतले. तिथल्यांचा सगळा जीव पाणी तापवण्यात अडकलेला. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे गाडीच्या टपावरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, ही अडचण त्यांच्या गावीही नसते. त्यामुळे महागडा शॉवर मागवण्याआधी थोडं थांबा. विदर्भात वापरण्याजोगं चांगलं साधन तालुक्याच्या कृषी केंद्रात मिळतं. ते कोणतं, हे पुढे सांगतो. त्याआधी दोन-तीन गोष्टी ठरवून घ्यायच्या आहेत.

आधी महिना बघा

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, नागपूरकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. चिखलदरा तर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, तिथली पहाट वेगळीच. या दिवसांत पाणी तापवावं लागतं. पण आंघोळ सकाळी सहालाच झाली पाहिजे हा घरचा नियम मुक्कामात सोडला, तर अर्धं काम उन्हावर भागतं. दुपारी तीन-साडेतीनला आंघोळ करा. ऊन असतं, अंग लवकर कोरडं होतं आणि टॉवेलही वाळतो.

एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत प्रश्न पाणी गार मिळण्याचा असतो. या काळात सूर्यावर तापणारी कोणतीही पिशवी, काळी पाइप किंवा टाकी हे साधन नसून धोका आहे. ५० अंशांच्या पुढचं पाणी कातडी भाजू शकतं आणि ६० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही सेकंद पुरतात. आंघोळीला लागतं साधारण ४० अंशांचं. लहान मुलांच्या अंगावर पाणी घालण्याआधी कोपर बुडवून पाहण्याची आजीची पद्धत इथेही वापरा.

पावसाळ्यात ऊन भरवशाचं नाही, नाल्याचं पाणी गढूळ आणि काळ्या मातीत गाडीच अडकते. नवख्याने पहिला मुक्काम पावसाळ्यात करूच नये.

पाण्याचा हिशेब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार माणसांनी घरच्यासारखी बादलीभर आंघोळ करायची म्हटली तर ७०-८० लिटर, म्हणजे एका माणसाइतकं वजन गाडीत वाढतं. ते टपावर चढवलं तर वळणावर गाडी झोल खाते. म्हणून पाणी खाली ठेवायचं, शक्यतो दोन चाकांच्या मधल्या भागात, आणि २० लिटरच्या कॅनमध्ये वाटून. एक मोठी टाकी अर्धी रिकामी झाली की आत पाणी हेलकावतं. कॅनचं तसं होत नाही, शिवाय विहिरीवरून एकटा माणूस कॅन उचलून आणू शकतो.

माणशी ६ ते ८ लिटरमध्ये नीट आंघोळ होते, पण पाणी मध्येच बंद करता आलं पाहिजे. आधी अंग भिजवायचं, मग पाणी बंद. साबण लावायचा, पुन्हा पाणी चालू करायचं आणि धुऊन काढायचं. केस धुवायचे असतील तर आणखी तीन-चार लिटर धरा. ज्या शॉवरच्या तोंडाशी बोटाने बंद करायची कळ नाही, तो कितीही देखणा असला तरी घेऊ नका. त्यापेक्षा बादली आणि मग्गा बरा. खरं सांगायचं तर मग्गा हेच सर्वांत काटकसरीचं साधन आहे. शॉवरचा फायदा एवढाच की पाठीवर, केसांत पाणी नीट पोचतं आणि एक हात मोकळा राहतो. आणि ज्या दिवशी पाणी कमी आहे त्या दिवशी दोन लिटर कोमट पाणी आणि एक पंचा, अंग पुसून मोकळं व्हायचं. त्यात कमीपणा नाही.

पाणी कुठून भरायचं

वावरातली विहीर किंवा बोअर हा सर्वांत चांगला पाणवठा. मालकाला आधी विचारा, आणि विचारताना मोटर कधी चालू असते हेही विचारा. शेतीची थ्रीफेज वीज दिवसभर नसते; पाळी कधी दिवसा, कधी रात्री. आता पुष्कळ वावरांत सौर पंप आले आहेत. ते ऊन असेतो चालतात, पाचनंतर त्यांचा भरवसा नाही. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी चारच्या आत पोचा आणि सगळ्यात आधी कॅन भरा. तंबू अंधारातही लावता येतो. उन्हाळ्यात मोटर सुरू केल्यावर पहिलं पाणी भरू नका; उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं ते पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. मिनिटभर वाहू द्या.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीकाठचा पट्टा खारपाणाचा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही, अंग चिकट राहतं आणि पंपाच्या जाळीवर पांढरा थर धरतो. त्या बाजूला जाताना शेवटी अंग धुऊन काढण्यापुरतं तरी गोडं पाणी सोबत न्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्या पाण्याने आंघोळ चालते, पण पिण्याच्या कॅनमध्ये ते मिसळू देऊ नका. दोन्ही कॅनांची झाकणं वेगळ्या रंगाची ठेवली की गोंधळ होत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव पावलोपावली दिसतात. हे जुने मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात, त्यांत मासेमारी चालते. तिथून बादलीभर पाणी घ्या, पण तलावात उतरून साबण लावू नका. ‘आमचा साबण नैसर्गिक आहे’ हेही चालत नाही. रिठ्याचं फेसाळ द्रव्य माशांना विषारी असतं. हिंगणबेटाच्या फळाचंही तेच. लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आणि तीव्र अल्कधर्मी आहे, शिवाय ते अभयारण्य आहे. तिथे आंघोळीचा विचारच नको.

आता साधनं

सर्वांत स्वस्त म्हणजे काळी सौर पिशवी. २० लिटरची पिशवी, तिला नळी आणि छोटा झारा, म्हणजे शॉवरचं भोकांचं तोंड. पारदर्शक बाजू वर, काळी बाजू खाली ठेवून उन्हात पसरली की हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी दोन-तीन तासांत पाणी अंगाला सोसेल इतकं तापतं. बोनेटवर ठेवली तर आणखी लवकर. अडचण टांगण्याची आहे. भरलेली पिशवी २० किलोची असते. ती बाभळीला टांगली की काट्याने फुटते, आणि वाळक्या फांदीला टांगली तर फांदीसकट डोक्यात येते. जोर फक्त उंचीचा मिळतो: दोन मीटर उंचीवरून ०.२ बार, म्हणजे घरच्या शॉवरच्या मानाने बारीक धार. हिवाळी दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला ही पुरते.

टपावर काळी पाइप बांधण्याची कल्पना तरुण मुलांना फार आवडते. ११० मिलिमीटरची, सहा फूट लांबीची पाइप, दोन्ही टोकांना झाकण, एका बाजूला भरायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला नळ. त्यात सुमारे १५ लिटर पाणी मावतं. प्लंबर अर्ध्या दिवसात करून देतो. पण धार वाढावी म्हणून काही जण तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून टायरच्या पंपाने हवा भरतात. ते करू नका. पीव्हीसी पाइप हवेच्या दाबाला बनवलेली नसते. उन्हाने कडक झालेली पाइप फुटली तर तिचे तुकडे काचेसारखे उडतात. आणि एप्रिल लागला की ही पाइप रिकामीच ठेवा.

चार्जिंगचा पंप हा नवख्यासाठी सोपा पर्याय. मुठीएवढा पंप बादलीत सोडायचा, नळीच्या टोकाला झारा. मिनिटाला तीनेक लिटर पाणी देतो आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. बादलीत हवं तसं गरम-थंड मिसळता येतं ही याची खरी सोय. गाळाने मात्र लगेच रुसतो. बादलीच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधून पाणी गाळून घ्या. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच घट्ट बसलंय का, हे पाण्यात सोडण्याआधी दर वेळी पाहा.

कृषी केंद्रातला शॉवर

आता मूळ गोष्ट. कपाशी-तुरीवर फवारायला जो पाठीवरचा बॅटरी पंप वापरतात, तो आंघोळीसाठी उत्तम चालतो. टाकी साधारण १६ लिटरची, म्हणजे दोन माणसांची आंघोळ. आत १२ व्होल्टची बॅटरी, चार्जर सोबत. हातातली कळ सोडली की धार बंद, आणि दाब भरला की मोटर आपोआप थांबते, म्हणजे पाणी वाचवायची सोय आधीच केलेली. भरायच्या तोंडाला जाळी असते. पट्टे असल्यामुळे विहिरीवरून पाठीवर घालून आणता येतो. आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस कळंबलाही सापडतो, भामरागडलाही. मागवलेल्या विदेशी शॉवरचा वॉशर कोण देणार?

पण एक अट आहे आणि ती मोडायची नाही: पंप नवाकोरा हवा. ज्या पंपात एकदाही कीटकनाशक किंवा तणनाशक गेलंय तो दहा वेळा धुतला तरी आंघोळीला घ्यायचा नाही. औषध टाकीच्या प्लॅस्टिकमध्ये, नळीत, वॉशरमध्ये मुरून राहतं आणि कोमट पाण्याने भिजलेल्या कातडीतून ते शरीरात सहज शिरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे मित्राच्या गोठ्यातला पंप उसना आणायचा नाही, जुना विकत घ्यायचा नाही. औषधांचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरायचे नाहीत, हे ओघाने आलंच. नवा पंप घेतल्यावर त्यावर रंगाने मोठं लिहून ठेवा, ‘फक्त पाणी’. नाहीतर तुम्ही नसताना कोणीतरी भला माणूस तो घरच्या तुरीवर नेऊन आणेल आणि धुऊन जागेवर ठेवेल.

जोडणी अशी करा. पंपाची नळी आणि कळ दुकानात सोबत घेऊन जा, तिच्या मापाचा जोड मागा आणि पुढे छोटा झारा बसवून घ्या. क्लिपा घट्ट आवळा. पंपासोबत आलेलं बारीक तुषाराचं नोझल फेकू नका. हिवाळ्यात ते निरुपयोगी आहे, कारण बारीक थेंब हवेतच गार होतात आणि गरम पाणी अंगावर थंड पडतं. मे महिन्यात मात्र तीच गोष्ट हवी असते. रात्री जेवणानंतर तुषाराचं नोझल लावून दोन लिटर पाणी अंगावर उडवलं की झोप लागते.

टाकीत उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिक आणि पंपाच्या आतले रबरी पडदे खराब होतात. आधी बादलीत मिसळा, हाताला सोसेल असं झालं की टाकीत भरा.

मोठ्या गाडीत कायमची सोय

ट्रॅव्हलरमध्ये न्हाणीच करायची असेल तर १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप, आधी जाळी, बॅटरीजवळ फ्यूज, एवढं लागतं. असा पंप साधारण पाचेक अँपिअर घेतो, म्हणजे दहा मिनिटं चालला तरी बॅटरीतून एक अँपिअर-तासाहून कमीच जातं. पंपाला बॅटरी पुरते. ओझं पडतं ते पाणी तापवण्याचं. १,५०० वॉटचा हीटर रॉड इन्व्हर्टरवर लावला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. तो नाद सोडा. सांडपाणी गाडीखाली टाकीत साठवायचं, रस्त्यावर सोडायचं नाही.

गॅस गीझर बसवणारे आहेत. तो गाडीबाहेरच्या भिंतीला, उघड्या हवेत असेल तर ठीक. बंद न्हाणीत, झिप लावलेल्या तंबूत किंवा गाडीच्या आत गॅस गीझर, शेगडी, कोळशाची सिगडी यांतलं काहीही पेटवून आंघोळ करायची नाही. बंद जागेत जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. यंत्र बाहेर, आत फक्त नळी.

तापवणं आणि गार करणं

गरम पाण्याचं एक गणित पाठ करा: एक भाग उकळतं आणि तीन भाग २० अंशांचं गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं होतं. म्हणजे माणशी ८ लिटरसाठी फक्त २ लिटर उकळायचं. चहाच्या गंजात होऊन जातं. पूर्ण २० लिटरची बादली हवी तर ५ लिटर उकळा. त्याला साधारण ७०-८० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरमध्ये साठेक बादल्या निघतात. घरी जुना तांब्याचा बंब पडला असेल आणि गाडीत जागा असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. वाळक्या काटक्या-तुऱ्हाट्यांवर तो भराभर तापतो. फक्त राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर सागाचा पाला वाळून पडलेला असतो, एक ठिणगी पुरते. बंब वावरात, मालकाला विचारून, माती उकरून साफ केलेल्या जागेवरच.

उन्हाळ्यात कॅनभोवती तरटाची चुंगडी गुंडाळा, ती ओली करा आणि कॅन सावलीत पण वारा लागेल असा ठेवा. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात हे कूलरसारखंच काम करतं: बाहेर ४५ अंश असताना आतलं पाणी अंगावर घेण्याइतकं गार होतं. चुंगडी वाळू द्यायची नाही, एवढंच. अवकाळी पावसानंतर हवा दमट झाली की ही युक्ती लंगडी पडते, तेव्हा पहाटेच आंघोळ उरका.

जागा आणि आडोसा

मुरमाड उंचवटा शोधा. काळ्या मातीत दोन माणसांची आंघोळ झाली की तिसरा घोट्यापर्यंत चिखलात उभा असतो. पर्याय नसेल तर सपाट दगड किंवा लाकडी फळ्यांची चौकट टाका. विहीर, नाला, तलावापासून निदान ६० मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं दूर राहा, म्हणजे साबणाचं पाणी मातीत जिरेल. काटोल-वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत मुक्काम असला तर झाडाच्या बुंध्याशी आंघोळ अजिबात करू नका. बुंध्याशी ओल साचली की डिंक्या रोग लागतो आणि मालक पुन्हा आत येऊ देणार नाही.

आडोशाला उभा राहणारा छोटा तंबू मिळतो. वाऱ्याला तो फार हलका, चारही कोपऱ्यांना दोर ताणून खुंट्या ठोका. मेच्या वावटळीत असे तंबू धुऱ्यापलीकडे गेलेले पाहिलेत. बुरडाकडून घेतलेले दोन बांबूचे तट्टे गाडीला टेकवून उभे केले तर ते जास्त टिकतात. हिरव्या शेडनेटच्या भरवशावर राहू नका. दिवसा ती बरी वाटते, पण आत दिवा लावला की बाहेरून सगळी आकृती दिसते. बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं: शक्यतो उजेड असताना आंघोळ उरकावी, किंवा दिवा आडोशाच्या बाहेर ठेवावा. मालकाच्या घरी बायामाणसं असतील तर सरळ त्यांना विचारावं. बहुतेक वेळा त्या स्वतःच्या न्हाणीत पाणी काढून देतात, आणि वर चहाही.

मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या गाभ्यात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही. बफरमध्येही, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातही, परवानगीच्या जागीच थांबायचं. अशा भागात झुंजूमुंजू आणि दिवेलागणीला पाणवठ्याकडे जायचं नाही, ती वेळ जनावरांची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलाच्या झाडाखाली शॉवर टांगू नका, पहाटे तिथे अस्वल येतं. उन्हाळ्यात ओल्या जागेवर मधमाश्या आणि गांधीलमाश्या पाणी प्यायला उतरतात, विंचूही ओलीला येतो. म्हणून टॉवेल-कपडे जमिनीवर न टाकता दोरीवर, आणि चप्पल घालण्याआधी झटकायची.

निघण्याआधी

सगळं पहिल्यांदा घरच्या अंगणात करून पाहा. पंप भरा, झारा लावा, घड्याळ लावून ८ लिटरमध्ये आंघोळ होते का बघा. गळती, सैल क्लिप, लहान पडलेली नळी हे सगळं तिथेच कळतं आणि हार्डवेअरचं दुकान अजून जवळ असतं. मुक्कामाहून परत आल्यावर टाकी, नळी, पिशवी पूर्ण रिकामी करून सावलीत उलटी वाळवा. उन्हात आठवडाभर साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतात. तसं पाणी शॉवरमधून उडवून श्वासात घेऊ नये. खारपाण पट्ट्यातून आला असाल तर झारा आणि जाळी रात्रभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवा, मग साध्या पाण्याने पंप दोन मिनिटं चालवा. बॅटरी चार्ज करूनच ठेवा. महिनोन्महिने रिकामी पडलेली बॅटरी पुढच्या हिवाळ्यात उठत नाही.